खुर्ची गेल्यावर कोण येणार?

आमदाराच्या ऑफिसात किस्से कसे साठतात, ते मला विचारा! अण्णांच्या कोप्पीकर रोडवरच्या ऑफिसात मी फोन घेते आणि आलेल्यांना बसवते. कुणी रडत येतं, कुणी भांडत येतं, आणि जाताना दोघंही काहीतरी मजेशीर बोलून जातात.

अण्णांना मात्र एकाच गोष्टीचं कुतूहल. निवडणूक जवळ आली की विचारायचे, "बाई, खुर्ची गेली तर इथं कोण येईल हो?"

"मी येईन की!"

"तुम्ही सोडून!"

*

सत्काराच्या शाली आम्ही कपाटात ठेवतो आणि पुढच्या सत्काराला काढतो. सगळेच करतात, बोलत कुणी नाही! धारवाडला एका रिटायर्ड मास्तरांना अण्णांनी शाल घातली. मास्तरांनी काठ उलटून बघितला.

"अण्णा, ही मीच तुम्हाला घातली होती. हा डाग आमच्या घरच्या चहाचा!"

अण्णा म्हणाले, "मग! नीट सांभाळली की नाही?"

*

तारिहाळला गटाराचं भूमिपूजन. त्याच गटाराचं, त्याच जागी, दुसऱ्यांदा! ऊन मी म्हणत होतं. अण्णांनी नारळ उचलला तसा एक म्हातारा पुढं आला.

"मागच्या वेळचा नारळ फोडण्याऐवजी पुरला असता, तर आज सावलीत उभे असतो!"

अण्णा पोट धरून हसले. गटार मात्र त्या उन्हाळ्यात झालं हं.

*

एकदा ड्रायव्हरनं चुकीच्या मंगल कार्यालयात गाडी नेली. अण्णांनी अक्षता टाकल्या, पंगतीत बसले, आणि वाढायला समोर कोण? त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला उमेदवार! नवरी त्याची भाची.

तो हात जोडून म्हणाला, "मत देणार नाही अण्णा, पण जिलबी आणखी एक घ्या."

अण्णांनी दोन घेतल्या.

*

मतदान करून आल्यावर अण्णांनी बायकोला विचारलं, "अक्का, मत कुणाला दिलंस?" आम्ही सगळे त्यांना अक्काच म्हणतो, अण्णासुद्धा.

"माझ्या माहेरचा रस्ता केलात?"

"अजून नाही."

"मग विचारू नका!"

*

यंदा अण्णा पडले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आम्ही दोघंच. फोन वाजेना, जिना वाजेना. अण्णा दाराकडे बघत बसले होते. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू!

दुपारी अळणावरकडची शांतव्वा आली. पेन्शन, पाणी, नातवाचा दाखला, नेहमी काही ना काही घेऊन यायची.

अण्णा म्हणाले, "शांतव्वा, आता माझं कुणी ऐकत नाही. तुझं काम व्हायचं नाही."

"माझं काम नाही रे अण्णा. तुझं काही काम आहे का, ते विचारायला आले."

अण्णांनी एक खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"आहे. जरा वेळ बस इथं. रस्त्यावरनं बघणाऱ्याला ऑफिसात माणूस दिसू दे."

"मी एकटी कशी पुरणार?" म्हणत शांतव्वानं खुर्ची उचलली, बाहेर गॅलरीत मांडली आणि खालच्या कोप्पीकर रोडवर खणखणीत हाक टाकली,

"बर्री, बर्री! या सगळे! अण्णा आता मोकळे आहेत!"