दाराजवळचा बाक

भूकंपाच्या आधी आमच्या लातूरच्या मंदिरात पुढच्या बाकांसाठी भांडणं व्हायची. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला मंदिरच म्हणतो. डावीकडं बाया, उजवीकडं पुरुष. बायांमध्ये पहिला बाक पंचांच्या बायकांचा, दुसरा शाळेतल्या बाईंचा आणि तिसरा आमचा, कारण बाबा मंडळीचे चिटणीस. आमच्या जागेवर चुकून कुणी पाहुणी बसली, की आई तिच्या शेजारी उभी राहून खोकायची. पाहुणी उठेपर्यंत खोकला काही थांबत नसे. मग आई बसायची आणि देवापुढं सगळे सारखे अशा अर्थाचं गीत सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणायची.

मी आठवीत होते तेव्हा भूकंप झाला. आमच्या घरात काय झालं? भिंतीला एक चीर गेली आणि फळीवरचा मिठाचा डबा पडला. बस्स. किल्लारीकडं गावंच्या गावं दगडामातीखाली गेली आणि आमचा मिठाचा डबा पडला. पण पुढच्या रविवारी बघावं तर पुढचे सगळे बाक ओस! सगळी मंडळी मागं, दाराला चिकटून. जीव प्रभूच्या हाती आहे असं ऊठसूट सांगणारे पंच तर एक पाय दाराकडं काढूनच बसलेले. पाळकसाहेब बिचारे रिकाम्या लाकडाला उपदेश करत राहिले.

जिवाला कोण भीत नाही? त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ह्या माणसांनी भीतीतही मानपान आणला. पहाटे येऊन बाकावर रुमाल टाकायचा, त्यावर बायबल ठेवायचं, की जागा आपली. बायबलचा असा उपयोग मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही. आई मला सातलाच छत्री देऊन पाठवायची. दारालगतचा शेवटचा बाक आम्ही असा पटकावला होता.

महिनाभरानं ती बाई आली. किल्लारीच्या बाजूची. दगडी घराखालून तिला दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं होतं. नवरा आणि दोन्ही लेकरं आतच राहिली. लातुरात भावाकडं राहायला आली होती. उपासना सुरू व्हायच्या वेळी ती आमच्या बाकाशी थांबली आणि आईला म्हणाली, "मला दाराजवळ बसू द्या माय. वर छत आलं की जीव घाबरतो. आभाळ दिसाया पायजे."

आई म्हणाली, "जागा धरलेली हाय, बाई. पुढं लई बाक रिकामे हायत."

धरलेली होती कुणासाठी? छत्रीसाठी. आईच्या आणि माझ्या मध्ये आमची छत्री आडवी पडली होती. ती बाई छत्रीकडं बघत राहिली, मग बाहेर गेली आणि पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी बसली. मी छत्री उचलली नाही. आठवीतल्या पोरीला एवढं कळतं. मला कळलं होतं, आणि तरी मी उचलली नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. एकेकानं पुढं जाऊन कठड्याशी गुडघे टेकायचे, पाळकांच्या हातून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. तेवढ्या आतवर तिला जाववेना. दोनदा उठली, उंबऱ्यापर्यंत आली, घामाघूम होऊन माघारी फिरली. तिनं पाळकसाहेबांना निरोप धाडला, की मला एवढं एक द्या, बाकी काही नको. ते म्हणाले, ती शेवटच्या बाकापर्यंत आली तर मी भाकर तिथवर आणीन. म्हणजे शेवटच्या बाकावरून कुणीतरी उठायला हवं होतं.

पंचांची सभा भरली. चपलांजवळ पवित्र भोजन नेणं बरं दिसत नाही, असं ठरलं. बाकाचा विषय कुणी काढलाच नाही. बाबांनी सुरेख अक्षरात तो ठराव लिहिला, घरी येऊन आईला वाचून दाखवला आणि आईनं त्यांना गरम गरम धपाटी वाढली. शी! ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. आमच्या घरात तर धूरसुद्धा लागला नाही.

पुढं लग्न होऊन मी नांदेडला गेले. आई गेली, बाबा गेले. मुलीची दहावी झाली आणि सगळे करतात तेच मीही केलं. तिला मेडिकलच्या क्लासला घालून लातुरात खोली घेतली. मंदिराला आता नवा स्लॅब होता. भूकंपाची भीती कधीच विरून गेली होती. पण दाराजवळच्या बाकावर तेवढेच रुमाल! आता कारण वेगळं: रविवारी अकराला क्लासचा पेपर. प्रभुभोजन घ्यायचं, तोंड पुसायचं आणि आशीर्वाद व्हायच्या आत पोराला घेऊन पळायचं. नावं कुणाला ठेवू? पहाटे रुमाल टाकणाऱ्यांत मी पहिली होते.

आणि ती पायरीवरच होती. केस पांढरे झालेले. एका रविवारी आम्ही मायलेकी घाईनं बाहेर पडलो, तर तिनं मुलीच्या चपला ढिगातून काढून, सरळ जोडून ठेवलेल्या. "जा माय, पेपर हाय न्हवं," म्हणाली. दर रविवारी बघून तिला पाठ झालं होतं, कुणाचं पोर कधी पळतं ते. माझ्या तोंडात द्राक्षरसाची चव होती अजून. एवढ्या वर्षांत तिला ती एकदाही मिळाली नव्हती, आणि मला माझ्याच तोंडाची किळस आली.

पुढच्या प्रभुभोजनाला मी बाक रिकामा ठेवला. नवीन पाळकांना आधी सांगून ठेवलं. बाहेर जाऊन तिच्याजवळ वाकले, ती अठ्ठावीस-तीस वर्षांपूर्वीची छत्री माझीच होती हे सांगितलं आणि आत चला म्हणाले.

तिनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. मग म्हणाली, "वळखलं होतं तुला, आलीस तव्हाच. आता न्हाई माय. तव्हा भूक होती."

मी आत वळले. रिकाम्या बाकावर तेवढ्यात कुणीतरी रुमाल टाकला होता, वर बायबल ठेवलं होतं. बाजूला उभी असलेली एक आई मला म्हणाली, जागा धरलेली आहे, ताई, पुढं रिकामे आहेत.