रामजीकाका कुठल्याच पाळीत बसेनात

परळच्या चाळीतली संघमित्रा कॉलेजात नेमकं काय शिकवते, ते चाळीत कुणालाच धड कळत नाही. डॉक्टर आहे, पण इंजेक्शनवाली नव्हे, कॉम्प्युटरवाली, एवढं मात्र पोरासोरांनाही ठाऊक. काही कोडी अशी की एकेक शक्यता तपासत बसलं तर कॉम्प्युटरचाही जन्म जाईल. असल्या कोड्यांवर बाईंचं संशोधन!

सहा डिसेंबरला चाळीचा पाणीवाटपाचा स्टॉल शिवाजी पार्कला लागतो. चाळीस माणसं, तीन पाळ्या. ज्यांचं आपसात वाकडं, त्यांना एका पाळीत टाकायचं नाही, नाहीतर गावाहून आलेल्या लोकांसमोर तमाशा. गेल्या वर्षी यादी लावायला कमिटीतला अमित तिच्याकडे आला. "ताई, तुझ्या हातचा मळ आहे."

ती पेपर तपासण्यात गळ्यापर्यंत बुडालेली. दहा मिनिटांत उरकलं. एकेक नाव घ्यायचं आणि भांडण नसलेली जी पाळी आधी सापडेल तिच्यात ढकलायचं. शेवटी उरले रामजीकाका. ग्लास विसळण्यावरून, रांग मोडण्यावरून काकांनी कुणाला म्हणून सोडलेलं नाही, त्यामुळे तिन्ही पाळ्यांत त्यांचा एकेक वैरी बसलेला. "काका बसतच नाहीत. गणितच तसं आहे," ती म्हणाली. झालं! तीस वर्षं पाणी वाटणाऱ्या म्हाताऱ्याला घरी बसवलं. गणितापुढे कोण बोलणार?

सहा डिसेंबर उलटल्यावर पंधरा दिवसांनी वर्गात ती पोरांना सांगत होती, "घाईची रीत फसली म्हणजे उत्तरच नाही, असं समजू नका." आणि मध्येच तिला काकांची यादी आठवली. अगं बाई! घरी येऊन तिनं नीट प्रोग्रॅम चालवला. चाळीसच तर नावं, क्षणात यादी आली. दोघांची अदलाबदल केली की काका सकाळच्या पाळीत खुशाल बसत होते. ज्या गोष्टीवर डॉक्टरेट मिळवली, तिथंच माती खाल्ली.

तशीच ती वरच्या मजल्यावर काकांकडे गेली आणि भडाभडा सगळं बोलून मोकळी झाली. "चूक माझी होती, काका. तुम्ही बसत होतात."

काका म्हणाले, "मी गेलतो त्या दिवशी. आपल्याच स्टॉलच्या रांगेत उभा राहिलो, पाणी प्यालो, आलो. म्हटलं, आपला स्वभावच खराब. नंतर एकेकाच्या दारात जाऊन माफी मागितली."

तिला मान वर करवेना. "मी आत्ताच कमिटीला सांगते."

"नको गं पोरी. तुझं नाव घेऊन पोरं अभ्यासाला बसतात. मी काय, भांडकुदळ आहेच."

"बरं," ती म्हणाली, आणि तिला हायसं वाटलं. जिना उतरताना त्या हायसं वाटण्यानंच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तळमजल्यावर कमिटीच्या खोलीचं दार उघडं होतं. अमित आत बसलेला दिसत होता. ती न थांबता पुढे निघून गेली.