राणीच्या राज्यातले पेढे

इंग्लंडचे पंतप्रधान नेमके कुठे चुकतात हे सांगणारा एक माणूस न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीत राहत होता, आणि दर रविवारी दुपारी त्याच्या पुढ्यात बसून ते ऐकणं हा आमच्या मराठी मंडळींचा कुळाचारच झाला होता. त्यांना सगळे काका म्हणत. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात तीसेक वर्षं हाडांची डॉक्टरकी करून ते निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन मुलाकडे अमेरिकेत राहायला आले. इंग्लंडचं कौतुक करायचं असलं की ते ‘आमच्याकडे’ म्हणत आणि शिव्या घालायच्या असल्या की ‘त्या लोकांकडे’. ‘आमच्याकडे माणूस शिस्तीत रांगेत उभा राहतो,’ असं म्हणून झालं की पाचच मिनिटांनी, ‘त्या लोकांकडे गुडघा बदलायचा तर माणूस रांगेतच मरतो.’ दोन्ही वाक्यांना मंडळी सारख्याच माना डोलवत.

मंडळी म्हणजे पुण्या-मुंबई-नागपूरहून व्हिसावर आलेले कॉम्प्युटरवाले आणि त्यांच्या बायका. ऑफिसात मॅनेजरपुढे यांच्या तोंडातून ब्र निघत नसे, पण ब्रिटनच्या पार्लमेंटात कुणी कुठल्या बाजूला बसायला हवं होतं हे सगळ्यांना पाठ. त्यात माझा नवराही होता. तो तर काकांचं वाक्य घरी आणून मला पुन्हा ऐकवायचा, जणू मी तिथे नव्हतेच. मला या सगळ्यांचा मनापासून तिटकारा होता. पुण्यात मी बँकेत नोकरी करत होते, स्कूटर चालवत होते. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि गाडी शिकायच्या आधीच दिवस राहिले होते. त्यामुळे नवरा जिथे नेईल तिथे पोट सांभाळत बसायचं, दुसरा इलाज नव्हता.

ही गोष्ट २००३ सालच्या वसंतातली. इराकची लढाई सुरू झाली होती आणि इंग्लंडचे पंतप्रधान अमेरिकेच्या अध्यक्षांबरोबर तीत उतरले होते. ‘शेपूट आहे शेपूट!’ काका मिसळीत पाव बुडवत म्हणायचे. ‘हत्तीनं मान वळवली की हे वळणार.’ त्यावर कुणीतरी विचारायचं, ‘मग काका, तुम्ही असता तर?’ आणि काका पंतप्रधान होऊन दाखवायचे. पाऊण तास.

मला त्या लढाईशी एकच कर्तव्य होतं. माझ्या आईचं तिकीट कुवेतमार्गे होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, असा आपल्याकडे रिवाज. इथून माहेरी जाणं जमत नाही, म्हणून माहेरच विमानात बसून येतं. आमच्या ओळखीतल्या प्रत्येकीची आई अशीच आली होती, बॅगेत डिंकाचे लाडू आणि मेतकूट घेऊन. माझी आई नागपूरच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. वडील गेल्यावर एकटी राहत होती आणि विमानात पहिल्यांदाच बसणार होती. लढाई लागली तशी कुवेतची विमानं रद्द झाली. एजंटानं खटपट करून हाँगकाँगमार्गे जागा मिळवून दिली. आणि जागा पक्की झाल्यावर टीव्हीवर दिसू लागलं, की हाँगकाँगमध्ये माणसं तोंडाला फडकी बांधून फिरताहेत. सार्स नावाचा नवा ताप आला होता.

पुढच्या रविवारी पंतप्रधान बाजूला राहिले आणि माझी आई पुढ्यात आली.

‘राणीनं हाँगकाँग सोडलं तेव्हाच मी म्हटलं होतं,’ काकांनी सुरुवात केली. ‘आमचं राज्य असतं ना, तर हा डिसीज बंदरातच अडवला असता. सिस्टिम होती तिथे. आता काय, सगळा आनंद आहे.’

‘पण काका, आईंचं काय करायचं?’ माझ्या नवऱ्यानं विचारलं. माझ्या आईबद्दलचा प्रश्न मला सोडून त्यांना.

‘यू मे कॅन्सल इट,’ काका म्हणाले. काही गंभीर बोलायचं असलं की ते इंग्रजीत आणि नाकातून बोलत. ‘किंवा मग आल्यावर दहा दिवस तिला वेगळी ठेवा. फर्स्ट डिलिव्हरी आहे, रिस्क कशाला?’

मी म्हटलं, ‘माझ्या डॉक्टरांना विचारलंय मी. ताप-खोकला नसेल तर घरी राहायला काही हरकत नाही म्हणाल्या. फक्त लक्ष ठेवा म्हणाल्या.’

यावर सगळे असे हसले, की जणू मी बाळाचं नाव सांगितलं आणि ते विनोदी निघालं. ‘अगं, इथले डॉक्टर कशालाच नाही म्हणत नाहीत,’ कुणीतरी म्हणालं. ‘काकांना एक्स्पिरियन्स आहे यार.’ काकांना अनुभव हाडांचा होता. छातीशी त्यांचा संबंध ती पुढे काढून बोलण्यापुरताच. पण हे म्हणणार कोण? त्यांच्याच घरात, त्यांच्याच सोफ्यावर, माझ्या एकटीचं मत माझ्या बाजूनं होतं.

त्या घराला खाली मोठं बेसमेंट होतं, न्हाणीघरासकट. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आमचं घर एका खोलीचं. तेव्हा ठरलं असं, की आईला हायवेवरच्या मोटेलात ठेवायचं.

नवरा विमानतळावर गेला तो रंगकामाच्या दुकानातला मास्क लावून. आईसाठीही एक नेला होता. तिला वाटलं, अमेरिकेच्या हवेत काही असेल, म्हणून तिनं तो निमूट बांधला आणि त्याला ‘तुम्ही जेवलात का?’ असं विचारलं. हे त्यानंच मला सांगितलं, हसत हसत. मोटेलात पोचल्यावर त्यानं बॅग उघडायला लावली, कारण काकांची तशी ऑर्डर होती. डिंकाचे लाडू आणि अळीव मोटेलमागच्या कचऱ्याच्या पेटीत गेले. आईनं स्वतःच्या जुन्या लुगड्यांची झबली आणि दुपटी शिवून आणली होती. ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीच्या डिकीत पडली, काका ‘बघून’ सांगेपर्यंत.

‘लाडू तरी कशाला टाकलेस?’ मी ओरडले. ‘लाडवांना ताप होता का?’

‘काका म्हणाले म्हणून टाकले. तुला काय समजतं त्यातलं?’ तो म्हणाला.

त्यानंतर ऑफिस सुटल्यावर तो मला मोटेलच्या पार्किंगमध्ये नेऊन आणायचा. मी गाडीत बसायची. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत आई यायची, साडीवर माझा जुना कोट आणि पायात बूट. खोलीतल्या फोनची लांब वायर दारापर्यंत ओढून ती बोलायची आणि मी खाली मोबाईल कानाला लावायची. मधे एक जिना आणि बर्फ वितळून उरलेला चिखल. एवढ्या लांबून आलेली आई मला अशी, दुकानातल्या काचेमागची वस्तू दाखवावी तशी दाखवत होते.

‘मला साधा खोकलासुद्धा नाही गं,’ ती एकदा म्हणाली. ‘कधी ठसका लागला तर उशीत तोंड खुपसते. शेजारचे ऐकतील आणि तुम्हाला कळवतील, असं वाटतं.’

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो रेडिओवरच्या बातम्या ऐकत होता. मी त्याच क्षणी जिना चढून वर जायला हवं होतं, असं आज कुणी सांगितलं तर मी त्याला म्हणेन, नवव्या महिन्यात गाडीचं दार लॉक असताना चढून दाखव. मी दार उघडायला गेले होते. त्यानं गाडी सुरू केली.

त्याच आठवड्यात काकूंकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. काकू बिचाऱ्या घरात बोलत फारशा नसत. ते खातं काकांकडे होतं. साथीच्या दिवसांत कुणी कुणाच्या कपाळाला बोट लावू नये, असा काकांचा हुकूम सुटला होता. म्हणून काकूंनी कान साफ करायच्या कापूसकाड्यांचा डबा आणला आणि प्रत्येकीला नव्या काडीनं कुंकू लावलं. एक काडी, एक कपाळ. मी ‘काय हुशारी!’ असं कौतुक ऐकत उभी होते. मग सगळ्याजणी टेबलाशी गेल्या आणि कैरीच्या डाळीच्या एकाच पातेल्यात एकच चमचा फिरू लागला. तो चाखून बघून एकीनं परत डाळीत घातला आणि म्हणाली, ‘मीठ हवं थोडं.’ शिकली-सवरलेली माणसं. निम्म्यांकडे मास्टर्सची डिग्री होती.

काका तेव्हा घरी नव्हते. नात्यात कुणाचातरी साखरपुडा होता, त्यासाठी मुलगा त्यांना गाडीनं घेऊन गेला होता. कुठे, ते मी विचारलं नाही. ते नाहीत याचाच आनंद एवढा होता.

दोन दिवसांनी सकाळी चहा करताना माझं पाणी गेलं. तारखेच्या बरंच आधी. गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, ‘मोटेल वाटेतच आहे. आईला घे.’

‘दहा दिवस झाले नाहीत ना अजून.’

‘मला आई हवीय.’

‘थांब, काकांना विचारतो.’ आणि कळा येणाऱ्या बायकोला शेजारी बसवून तो सिग्नलला फोन लावत राहिला. काकांच्या घरी कुणी उचलेना; काकू फोनला हात लावत नसत, तेही खातं काकांचं. परवानगी देणारा माणूस गावाला गेलेला, म्हणून परवानगी नाही. मोटेलची पाटी माझ्या खिडकीसमोरून निघून गेली. त्या क्षणी मला त्याचा जितका तिरस्कार वाटला तितका पुढे कधी कुणाचा वाटला नाही, आणि तो मी पुरता विसरले आहे असंही नाही.

मुलगी झाली. मी ‘आई गं’ म्हणून ओरडत होते, आणि आई तीन-चार मैलांवर एका खोलीत बसून टीव्हीवर न कळणारे कार्यक्रम बघत होती. तिला कळवलं गेलं ते दुपारी, फोनवर.

दुसऱ्या दिवशी काका हॉस्पिटलात आले. स्वच्छ इस्त्रीचा कोट, हातात मिठाईचा खोका. सोबत काकू. मास्क वगैरे काही नाही. आल्या आल्या त्यांनी पाळण्यातून मुलीला उचललं, छातीशी धरलं, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ‘हॅलो, यंग लेडी’ म्हटलं आणि मग माझ्या नवऱ्याच्या हातात खोका दिला. ‘घ्या पेढे. टोरांटोचे आहेत. कालच साखरपुड्याहून आलो.’

टोरांटो. तेव्हा रोज टीव्हीवर दोनच गावं दिसत, हाँगकाँग आणि टोरांटो. तिथली हॉस्पिटलं या तापानं हवालदिल झाली होती. हे आमच्या घरातल्या फ्रिजलाही ठाऊक असेल.

नवऱ्याच्या तोंडाचा रंग गेला. ‘काका... टोरांटो? तिथे तर सार्स...’

‘छे हो!’ काका मुलीला हलवत म्हणाले. ‘ते कॅनडा आहे. अजून नोटेवर राणी आहे त्यांच्या. सिस्टिम आहे तिथे. हाँगकाँगसारखं नाही.’

मी हसले. बाळंतिणीनं हसू नये असं हसले, टाके ओढले गेले. राणी नोटेवर होती म्हणून टोरांटोचा ताप यांना शिवणार नव्हता, आणि माझी आई ताप नसताना खोलीत डांबली गेली होती.

‘मुलीला खाली ठेवा,’ मी काकांना म्हटलं. मग नवऱ्याकडे वळले. ‘आणि तू जा. आत्ता. आईला घेऊन ये. तिची झबली डिकीत आहेत, तीही आण. कुणाला फोन केलास तर परत येऊच नकोस.’

काकांपुढे मी पहिल्यांदा आवाज चढवला होता. नवरा गेला. काकांनी मुलीला पाळण्यात ठेवलं, पण ते निघाले मात्र नाहीत. बाळंतिणीची मनःस्थिती अशीच असते, असं काकूंना समजावून ते खुर्चीत बसले आणि इंग्लंडच्या पुढच्या निवडणुकीत पंतप्रधान कसे आपटणार आहेत ते सांगू लागले. ऐकणारं कुणी नव्हतं. काकू भिंतीकडे बघत होत्या. मी डोळे मिटून घेतले.

तो ताप त्याच उन्हाळ्यात ओसरला. आमच्यापैकी कुणालाही काही झालं नाही. काकांनाही नाही, त्यांचे पेढे खाणाऱ्यांनाही नाही.

दाराशी पावलं वाजली तेव्हा काका बोलता बोलता लंडनला पोचले होते. नवरा आत आला. मागे आई. अंगावर माझा कोट, हातात झबल्यांची प्लास्टिकची पिशवी, अजून गाठ न सोडलेली. ती दाराशीच थांबली. तिथून पाळणा दिसत होता. तिनं पाळण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग खुर्चीतल्या त्या इस्त्रीच्या कोटाकडे पाहून विचारलं, ‘डॉक्टरसाहेब, येऊ का मी आत?’

तीस वर्षं वर्गात उभी राहून शिकवणारी बाई.

‘या, या,’ काका म्हणाले. जणू घर त्यांचंच होतं.

‘आई,’ मी म्हटलं, ‘आधी त्यांना बाहेर जाऊ दे.’

काका उठले. ‘शी इज टायर्ड,’ असं आईला इंग्रजीतून सांगून ते काकूंसह दाराकडे निघाले. त्यांना वाट द्यायला आई बाजूला सरून भिंतीला टेकली, आणि आपला श्वास त्यांना लागू नये म्हणून तिनं पदर तोंडाशी धरला.