ज्वारीचे धोंडे

माणसाला सुखानं चार घास खाऊ न देण्याची विद्या अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकाच माणसाला साधली होती, आणि माझं नशीब असं की ते माझेच साडू निघाले. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. राहायला सेलूला आणि नोकरीला तिथल्याच एका जिनिंगमध्ये. गाडीतला चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचा आणि धागा किती लांब आहे, पाणी मारलंय का, चांगल्याच्या खाली किडका दडवलाय का, हे सांगायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांनी एकदा ‘भेसळ’ म्हटलं की गाडीवाला वाद घालत नसे. इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. पण बहात्तरच्या दुष्काळानंतर तीच बोटं त्यांनी लोकांच्या ताटात घालायला सुरुवात केली आणि आम्हा नातेवाइकांचे हाल सुरू झाले.

तोवर हा माणूस आमच्यासारखाच भाकरीवर वाढलेला. आमच्याकडे गहू म्हणजे सणाला, पाहुण्याला, नाहीतर आजाऱ्याला. दुष्काळात ज्वारी गेली, रेशनवर गहू आला आणि घरोघर दोन्ही वेळा पोळी सुरू झाली. खोटं कशाला बोलू, त्या हलाखीतही मला थोडी चैनच वाटली. साडू मात्र वाळत चालले. दिवसातून सात-आठ वेळा तांब्या उचलायचा, पोट फुगलेलं, पायांवर सूज, आणि उठताना दाराची चौकट धरायची. वैद्यांनी संग्रहणी सांगितली. बेलाचा मुरंबा झाला, ताकावर ठेवून झालं, सासूबाईंनी नवस बोलून झाले. शिवाय आजारी माणसाला भाकर जड पडेल म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना हलकं खायला घातलं. दुधात कुस्करलेली पोळी, रव्याची खीर, पाव. मी तर दर रविवारी परभणीहून बिस्किटांचे पुडे घेऊन सेलूला जायचो, आणि ते बिचारे माझ्यासमोर पुडा संपवायचे. पुढे त्यांनी ही गोष्ट चारचौघांत इतक्या वेळा काढली की मी बिस्किट या वस्तूकडे बघायचंच सोडलं.

शेवटी त्यांना हैदराबादला नेलं. आमच्या भागातल्या जुन्या लोकांना मोठा दवाखाना म्हणजे हैदराबादच ठाऊक. बरोबर मी गेलो होतो. तिथं एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी रबरी नळीच्या टोकाला बसवलेली एक इवलीशी डबी त्यांना गिळायला लावली आणि तिनं आतड्याचा कण खुडून बाहेर आणला. साडूंना दुखण्यापेक्षा त्या डबीचंच कौतुक. “बोंडातून सरकी काढावी तसं काढलं बघा,” असं ते नळी निघाल्या निघाल्या म्हणाले. चार दिवसांनी डॉक्टरांनी निकाल दिला. “गेहूँ बंद मियाँ. एक दाना भी नहीं, उम्रभर. जवारी खाओ, चावल खाओ, आराम से जियो.” रोगाचं नाव सीलिअॅक असं कागदावर लिहून दिलं. ते उच्चारायच्या भानगडीत न पडता साडूंनी त्याला ‘गव्हाचा रोग’ म्हणायला सुरुवात केली. बोरीला आपल्या गावी राहणाऱ्या सासूबाईंचा मात्र यावर काडीचा विश्वास बसला नाही. “हैदराबादेला जाऊन काय आणलं, तर भाकर खा म्हून सांगितलं. ते तर मी बोरीत बसून सांगितलं असतं,” हे त्यांचं मत शेवटपर्यंत कायम राहिलं.

दोन महिन्यांत साडू टुणटुणीत झाले आणि आमची पीडा वाढली. पहिली गदा पिठाच्या गिरणीवर आली. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दगडाला चिकटून राहतो म्हणून हे भल्या सकाळी गिरणीचं दार उघडायच्या आधी पायरीवर हजर. वर दोन किलो ज्वारी नुसती दगड धुवायला म्हणून दळायची आणि ते पीठ म्हशीला घालायचं. तरी समाधान होईना, तेव्हा त्यांनी माळ्यावरचं जातं खाली काढलं. मिशा असलेला, जिनिंगमध्ये ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस सकाळी मांडी घालून दळत बसलेला बघायला गल्लीतल्या बायका मुद्दाम यायच्या. ते त्यांनाच जात्यात दाण्यांची वैरण घालायला लावायचे, पण आधी हात धुवायला सांगून. एकदा आठ दिवस आमच्याकडे परभणीला यायचं ठरलं, तर स्वारी रेल्वेनं जातं घेऊन उतरली. डब्यात त्यावर दोन माणसं बसून आली होती म्हणे, म्हणून घरात पाऊल टाकताच ते जातं धुवायला माझ्या बायकोकडून गरम पाणी मागितलं.

सत्यनारायणाच्या प्रसादाचं तर विचारू नका. प्रसाद म्हणजे शिरा, आणि शिरा म्हणजे रवा. आमच्या घरी पूजा होती. यांनी प्रसाद हातात घेतला, कपाळाला लावला आणि भटजींच्या देखत माझ्या तळहातावर ठेवला. “माझा बी तुमीच घ्या. देवाला चालतंय,” म्हणाले. लग्नाच्या पंगतीत बसताना काखेत फडक्यात बांधलेली भाकर. वाढप्यानं पोळीच्या हातानं भात वाढला की ते ताटावर आडवा हात धरायचे आणि त्याला हौदाकडे पाठवायचे. एका लग्नात नवरीच्या मामांना त्यांनी दोनदा हात धुवायला लावले. ते मामा म्हणजे तालुक्यातली मोठी असामी. पाहुण्यांनी नंतर मला विचारलं, “ह्यांच्या डोक्याला काही लागलंय का?” मी होही म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

या माणसाचा खरा संताप यायचा तो वेगळ्याच गोष्टीसाठी. तो चुकायचा नाही. एकदा आमच्याकडे वरणभात खाऊन पोट बिघडलं. बायको रडकुंडीला आली, कारण तिनं त्यांच्यासाठी भांडी राखेनं तीन-तीनदा घासली होती. साडूंनी स्वयंपाकघरातला एकेक डबा खाली काढला, एकेक जिन्नस बोटांत चुरगाळला आणि शेवटी हिंगाच्या डबीपाशी थांबले. “ह्यात गहू हाय,” म्हणाले. मी हसलो. हिंगात गहू कुठून येणार? मग मला हाताला धरून वाण्याच्या दुकानात नेलं आणि वाण्यानं सहज सांगितलं की, नुसता हिंग कुणाला झेपतो, त्यात कणीक मिसळावीच लागते. साडूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग धोंड्याचा महिना आला. तिसऱ्या वर्षी येणाऱ्या या अधिक महिन्यात लेकी-जावयांना बोलावून वाण द्यायचं आणि पुरण भरलेले गव्हाचे धोंडे पोटभर जेवू घालायचे, हा आमच्याकडचा रिवाज. मी एका बैठकीला नऊ धोंडे खाल्ल्याचं बोरीत लोक अजून सांगतात. सासूबाई, म्हणजे आम्हा जावयांच्या मामी, विधवा बाई, शेती स्वतः बघायच्या, कुणाचं ऐकायच्या नाहीत. पण धाकट्या जावयाला धोंड्याच्या महिन्यात ज्वारी घालायची या कल्पनेनं त्यांची झोप उडाली होती. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “निस्त्या ज्वारीत पुरण ऱ्हाईना की हो. फुटायलंय. अन् लोक काय म्हणतील? मूठभर कणीक घालू का? कुणाला कळतंय?” तोवर साडूंचं हात धुवायला लावणं, ते जातं आणि तो हिंग, सगळं माझ्या पोटात साठलेलं होतं. मी म्हणालो, “घाला. मुठीनं काय होतंय? अर्धा रोग त्यांच्या डोक्यात हाय.”

धोंडे सुरेख झाले, गुळगुळीत, एकालाही भेग नाही. सासूबाई समोर बसून पदरानं वारा घालत होत्या. साडूंनी धोंडा हातात घेतला, अंगठ्यानं हळूच दाबला, क्षणभर तसाच धरला आणि खाल्ला. मग दुसरा खाल्ला. कुणाला हात धुवायला लावले नाहीत. मी मनात म्हणालो, बघा, आहे का काही? तिसऱ्या दिवशी त्यांना बैलगाडीत घालून एस.टी.पर्यंत आणि तिथून परभणीला माझ्या घरी आणावं लागलं. वीस दिवस अंथरुणावर होते. परभणीच्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं की आतडं नुकतं कुठं भरून येत होतं, पुन्हा असं झालं तर मी हमी देणार नाही. मेव्हणी आतल्या खोलीत तोंडात पदर घालून रडत होती.

एका दुपारी मला राहवेना. त्यांच्या उशाशी बसून मी सगळं सांगून टाकलं, मुठीसकट. ते छताकडे बघत म्हणाले, “ठाऊक हाय. ज्वारीचा धोंडा इतका गुळगुळीत होत न्हाई. अंगठा लावला तवाच कळलं.”

“मग खाल्ला कामून?”

“मामी समोर बसल्या होत्या. वारा घालायल्या होत्या.”

लग्नाच्या पंगतीत मामांना दोनदा हात धुवायला लावणारा हा माणूस. मला भयंकर राग आला. तेच पुढं म्हणाले, “त्यांना सांगू नका. कळलं तर पुन्हा कुणाला आपल्या हातानं वाढणार न्हाईत त्या.”

“अन् पुढच्या धोंड्याला त्यांनी पुन्हा घातलं तर?”

“तर पुन्हा बघू,” म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

तीन वर्षं त्यांनी बोरीला जेवणाच्या वेळी जायचं कसंबसं टाळलं. कधी जिनिंगचा हंगाम, कधी पोटात भूक नाही. पण धोंड्याचं बोलावणं टाळता येत नाही. त्यातून सासूबाई थकल्या होत्या, आणि हा आपल्या हातचा शेवटचा धोंडा असं ज्याला त्याला सांगत होत्या. मी कचेरीत फायली पुढ्यात ठेवून आठ दिवस हाच विचार करत होतो. म्हातारीला सांगावं तर ती खचणार, आणि न सांगावं तर हा हट्टी माणूस अंगठ्यानं दाबून, ओळखून, वर दोन धोंडे खाणार. मग मी एक दिवस आधीच बोरीला गेलो आणि चुलीपाशी पाट टाकून बसलो. “मामी,” मी म्हणालो, “मला बी तोच रोग निघालाय. डॉक्टरनं कणकेचं बोट लावू नका म्हून सांगितलं. माझा तर जीवच जाईल म्हणतो.”

सासूबाईंच्या हातातलं पुरण तिथंच थांबलं. “तुमाला बी? माय, माझ्या दोनी लेकी कशा घरी पडल्या म्हणायच्या.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “नऊ खायचे की हो तुमी.” ते मलाच आठवत होतं. कणकेचा डबा त्यांनी शेजारणीकडे पाठवला. ज्वारीच्या पिठाची गरम पाण्यात उकड काढली आणि मी बघत असताना मळून मळून पुरण भरलं. मला म्हणाल्या, “बापे माणूस चुलीपाशी बसून काय बघायलाव?” मी म्हणालो, जीवाचा प्रश्न आहे. धोंडे झाले ते सगळे फुटके. भेगांतून पुरण बाहेर डोकावत होतं.

दुसऱ्या दिवशी साडूंनी ताटातला धोंडा पाहिला, मग माझ्या ताटातला पाहिला. अंगठा लावला नाही. तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि चार धोंडे खाल्ले. मी तीन गिळले. ज्वारीचं आणि पुरणाचं जमत नाही, हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

त्या एका थापेपायी पुढं बोरीच्या घरात मला पोळीचा तुकडा दिसला नाही. दिवाळीला गेलो, ज्वारी. संक्रांतीला गेलो, ज्वारी. माझ्या वाट्याची भाकर सासूबाई वेगळ्या तव्यावर भाजायच्या आणि सगळ्यांना बजावायच्या, “थोरल्याचं लय नाजूक हाय.” साडू शेजारी बसून भाकर मोडायचे आणि चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायचे नाहीत. अशी दोन वर्षं गेली आणि सासूबाई गेल्या. अंथरुणावर पडल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, “माझ्यामागं खाण्याचं सांभाळा.”

तेरवीला पंगत बसली. वाढणाऱ्या बाईला काही ठाऊक नव्हतं. तिनं माझ्या पानात पुरणाची पोळी टाकली, वर तूप सोडलं. शेजारी साडू फडक्यातली भाकर सोडत होते. ते माझ्या पानाकडे बघून हळूच म्हणाले, “खा आता. बरे झाले तुमी.”

मी पोळीचा तुकडा मोडायला गेलो. तो हाताबरोबर ताणला गेला, तुटेना. मी तो तसाच पानात ठेवला आणि त्यांच्यापुढं हात केला. त्यांनी आपल्या भाकरीचा अर्धा भाग मोडून मला दिला. देण्याआधी मला हात धुवायला लावले.