करपलेलं खोबरं

वाटणासाठी खोबरं भाजायला घेतलं की मला विठ्ठलवाडीचं ते गॅरेज आठवतं. माझ्या जुन्या रोटरी इंजिनाच्या स्पोर्ट्स कारला ताकद वाढवायला मोठा टर्बो आणि इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणारा नवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसवलेला. मेकॅनिककाकांनी उघड्या बॉनेटसमोरच नारळ फोडला आणि मी गाडी चालू केली. पाच मिनिटांत इंजिनातून धूर! “बंद कर रे! इंजिनाचे सील गेले, ऑइल आत शिरून जळतंय,” काका ओरडले. मी गाडी बंद करून कपाळावर हात मारला, कारण त्या इंजिनाचे पार्ट इथे मिळतच नाहीत. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, “अहो, ऑइल कसलं? खोबरं जळतंय!” तापलेल्या मॅनिफोल्डच्या खाचेत नारळाचा उडालेला तुकडा अडकून काळाठिक्कर पडलेला. आजही खोबरं करपलं की घरातले नाकं मुरडतात, मला मात्र हायसं वाटतं.