सुतळीचा तास

फोन उरणहून आला. "सर, ताई गेली आमची. झोपेतच. तरास नाय झाला तिला." नलिनी पाटीलचा भाऊ होता. जिथं तिचं नाव घ्यायला हवं होतं, तिथं मी ते इतकी वर्षं घेतलं नव्हतं.

पनवेलच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी विभागप्रमुख असताना ती 'सिस्टिम आर्किटेक्चर' शिकवायला आली. मोठ्या यंत्रणेचे भाग कसे पाडायचे आणि कोणत्या भागानं कोणाशी बोलायचं, असा तो विषय. मी तो फळ्यावर चौकोन काढून शिकवायचो आणि मुलं चौकोन पाठ करायची. त्या वर्षी मुलांनी वसतिगृहाच्या टाक्या आपोआप भरण्याची यंत्रणा केली. प्रत्येक गटाचा भाग सुटा छान चालला. जोडल्यावर सगळं ठप्प. पंप टाकीच्या निरोपाची वाट बघतोय, टाकी पंपाच्या.

नलिनीनं बाकं सारली, खडूनं जमिनीवर चौकोन आखले आणि एकेकात एकेक मूल उभं केलं. ज्यांच्यात निरोप जायचा, त्या दोघांच्या हातात सुतळीची दोन टोकं. "सर, तुम्ही मधे या. कंट्रोलर तुम्ही." प्रत्येक निरोप माझ्यामार्फत, त्यामुळं बघता बघता सगळ्या सुतळ्या माझ्याच हातात. नाक खाजवायची सोय उरली नाही. "डिपार्टमेंटमध्ये पण असंच हाय," मागून कोणीतरी पुटपुटलं. वर्ग हसला, मीही हसलो. ती जवळ येऊन म्हणाली, "जास्त झाल्या? मग सोडा की, सर. कोणाला देताय तेवढं सांगा." ती वडिलांच्या मिठागरात वाढलेली. तिथं सगळं लक्ष दोन कप्प्यांमधल्या पाणी सोडायच्या दारावर ठेवायचं असतं, असं म्हणायची. माझा विषय मला त्या तासाला कळला.

पुढं कॉलेजच्या तपासणीला आलेल्या पाहुण्यांना तो तास फार आवडला. "कल्पना कोणाची?" मी म्हणालो, "विभागाची." ती शेजारीच उभी होती. माझ्या निरोप समारंभात ती पद्धत सरळ माझ्या नावावर गेली. तिनंही टाळ्या वाजवल्या. नंतर मी एकदा विषय काढला, तर म्हणाली, "पोरांना येतंय ना, सर? चहा घ्या." तिला खरंच फरक पडत नव्हता. मला पडत होता. म्हणून इथं लिहितो: तो तास नलिनी पाटीलचा.

गेल्या आठवड्यात कॉलेजनं तोच तास घ्यायला मला बोलावलं. आधी तिच्याबद्दल सांगितलं, मग खडू हातात घेतला. थोड्या वेळानं मधल्या चौकोनातली मुलगी दोन्ही हात वर करून म्हणाली, "सर, फार झाल्या. हलताच येत नाहीये."

"मग सोड की," मी म्हणालो. "कोणाला देतेस तेवढं सांग."