व्हय म्हणजे ऐकलं

डॉक्टरसमोर खुर्ची एकच होती. तिच्यावर मुकादम बसला. पोट दुखत होतं माझ्या मायचं, आणि ती भिंतीला टेकून उभी होती. मी तिचा पदर धरून. डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलंच नाही. मुकादमालाच विचारलं, "लेकरं किती?"

"तीन हायत."

"मग पिशवीचं आता काय काम? काढून टाकू. कटकट मिटंल."

"टाका काढून, सायब. दर महिन्याला हिचे खाडे पडतेत."

खाडा म्हणजे ऊसतोडीला न आलेला दिवस. बाईचं महिन्याचं दुखणं आमच्या मुकादमाला एवढंच कळायचं. त्याच्याच टोळीत माझे मायबाप कोयता चालवायचे, त्यामुळं दवाखाना कुठला आणि कधी हेही त्यानंच ठरवलं होतं. नेकनूरहून एसटीनं आम्हाला घेऊन आला होता.

मग डॉक्टर मायकडं वळला. भराभरा काहीतरी बोलला, अर्धं इंग्रजीत. शेवटी म्हणाला, "कळलं का, बाई?"

"व्हय जी," माय म्हणाली.

हे 'व्हय जी' जरा नीट समजून घ्या. आमच्याकडं मोठा माणूस बोलायला लागला की समोरच्यानं मधूनमधून व्हय म्हणायचं असतं. गप राहिलं तर बहिरी म्हणतात, उलट विचारलं तर माजली म्हणतात. व्हय म्हणजे तुमचा आवाज कानावर पडला, मी इथंच उभी आहे. बस्स. एखादी गोष्ट खरंच पटली असली तर आमच्या बाया 'चालंल' म्हणतात, 'करा मग' म्हणतात. माय तसलं काहीच म्हणाली नव्हती. पण डॉक्टरचं काम झालं होतं.

कंपाउंडरनं कागद आणला. मायचा डावा अंगठा शाईत दाबला, कागदावर उठवला. अंगठ्याच्या बाजूला नाव लिहायचं असतं. मुकादमानं माझ्याकडं बोट केलं. "ही शाळंत जाती. चौथीत हाय."

डॉक्टर हसला. "तुमच्या बौद्धवाड्यातल्या पोरीपण लिहायला लागल्या का? लिही बघू." मी टेबलाकडं सरकले तर म्हणाला, "टेबलाला हात लावू नको. खाली बस."

खाली फरशीवर बसले. गुडघ्याशी कागद घेतला आणि मायचं नाव लिहिलं. काना, वेलांटी, सगळं जागच्या जागी. वरचा मजकूर मराठीतच होता. मला वाचता येत होता. मी वाचला नाही. वाच असं कुणी म्हणालंही नाही. डॉक्टर म्हणाला, "अक्षर बरंय हिचं," आणि मी फुलून गेले. परतीच्या गाडीत मायला दोनदा सांगितलं, डॉक्टरनं अक्षर बरं म्हटलं म्हणून. तो आनंद आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

ऑपरेशन झालं. महिना भरायच्या आत माय परत उसाच्या फडात होती, डोक्यावर मोळी घेऊन. ते साल दुष्काळाचं. गावात टँकर येत होता, विहिरींचे तळ दिसत होते, आणि बोअरची मोटार काढणं हा तर रोजचा खेळ झाला होता. मोटार वर काढायची, मिस्त्रीकडं न्यायची, साफ करून पुन्हा खाली सोडायची. पाणी लागलं तर लागलं.

दहावीत विज्ञानाच्या पुस्तकात मला गर्भाशयाचं चित्र सापडलं. मास्तरांनी ते पान उलटून पुढचा धडा घेतला होता, म्हणून मी घरी येऊन वाचलं. पिशवी म्हणतात ती हीच, हे तेव्हा कळलं. माय चुलीपाशी होती. मी विचारलं, "माय, तुला दवाखान्यात काय सांगितलं व्हतं?"

"पिशवी काढायची म्हणाले."

"आन् तुला काय वाटलं?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मला वाटलं, काढून साफ करतेत आन् परत बसवतेत. बोअरची मोटार न्हाई का काढत?"

ती हसत नव्हती. कितीतरी दिवस ती वाट बघत होती, पुन्हा कधी बोलावतील याची. विचारायचं कुणाला म्हणून गप्प बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिशीही न उलटलेल्या बाईच्या शरीरातून एक भाग कायमचा गेला होता, आणि ते तिला सांगायची गरज कुणालाच वाटली नव्हती. मी सांगितलं. मीच सांगितलं, पुस्तकातलं चित्र दाखवून. तिनं चित्रावरून बोट फिरवलं आणि पुस्तक मिटून माझ्याकडं दिलं.

मला रडू आवरेना. म्हणाले, "माय, त्या कागदावर नाव म्या लिवलं गं."

"तू लिवायली व्हतीस म्हणून तर म्या भ्याले न्हाई," माय म्हणाली.

हे वाक्य मी कुणाला सांगत नाही. आज सांगितलं.

माय पस्तिशीतच म्हातारी झाली. सांधे धरले, अंगातून वाफा निघायच्या, भरली घागर उचलवेना. मी शिकत गेले. बीडला राहून समाजकार्याची पदवी घेतली, आणि पुन्हा एका दुष्काळी सालात मला नोकरी लागली, एका सहकारी साखर कारखान्याच्या आरोग्य केंद्रात, समुपदेशक म्हणून. सहकारी म्हणजे सगळ्यांचा. तसं फाटकावर लिहिलेलंच होतं. माझे मायबाप त्याच फाटकातून ऊस घेऊन आत जायचे आणि रिकामे बाहेर यायचे.

त्या साली ऊस वाळला, हंगाम लवकर आटोपला. बाया गावाकडं परतायच्या आत कारखान्याला त्यांच्या तपासणीचं आणि पिशवीच्या ऑपरेशनचं शिबिर उरकायचं होतं. आम्हा नव्या मुलींना प्रशिक्षण द्यायला संचालकांच्या सूनबाई आल्या. त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणायचे. शिकलेल्या, बोलायला गोड. 'ऐकण्याची कला' या विषयावर तासभर बोलल्या. त्या तासात दोन मुलींनी हात वर केले होते, ते त्यांना दिसले नाहीत.

मग संमती कशी घ्यायची, ते करून दाखवायचं ठरलं. वहिनीसाहेब डॉक्टर झाल्या. पेशंट म्हणून मला उठवलं. "तू ये. तुमच्या वस्तीतल्या बायका कशा बोलतात ते तुलाच छान जमेल."

मुली हसल्या. मी पुढं गेले. खुर्ची एकच होती, तिच्यावर त्या बसल्या. मी उभी. त्यांनी भराभरा सांगितलं, पिशवीला सूज आहे, काढायला लागेल, बाकी काही नाही. आणि विचारलं, "कळलं का, बाई?"

माझ्या तोंडून मायच्याच आवाजात निघालं, "व्हय जी."

पुन्हा हशा. वहिनीसाहेबांनी फॉर्मवर खूण केली आणि तो सगळ्यांना दाखवला. "बघा. मिळाली संमती. आहे का अवघड?"

पण मी जागेवर गेले नाही. म्हणाले, "बाईनं व्हय म्हटलं म्हणजे ऐकलं म्हटलं. कबूल न्हाई म्हटलं. काय काढणार, कशापायी काढणार, ते परत येणार हाय का न्हाई, तुमी काय सांगितलंच न्हाई तिला."

"अगं, नाटक संपलं," त्या म्हणाल्या.

"माझ्या मायचं संपलं न्हाई अजून."

मी फॉर्म उचलला, त्यांची खूण खोडली आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांचा आवाज आता गोड नव्हता. परवा शिबिर आहे, फॉर्म भरायचे असतील तर थांब, नाहीतर तुझ्या जागी दुसरी येईल, असं त्यांनी ऐकवलं.

"येऊ द्या," मी म्हणाले. "तिलाबी हेच शिकवीन."

शिबिराच्या दिवशी मी गेले. फाटकावरच्या माणसानं आत सोडलं नाही, तर बाहेर बसले, जिथं बाया रांगेत बसल्या होत्या. एकेकीला विचारलं, तुला काय सांगितलंय ते तुझ्या तोंडानं मला सांग. पहिलीला सांगता आलं नाही. दुसरीलाही नाही. तिसरी म्हणाली, ती पिशवी साफ करून घ्यायला आली आहे. मी तिच्या शेजारी फतकल मारून बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. तिला वेळ लागला. लागू दिला. मग ती उठली आणि चालत आपल्या झोपडीकडं गेली. तिच्या मागं आणखी दोघी उठल्या.

नोकरी गेली. नवी मिळवली, तीही याच कामाची, याच जिल्ह्यात. वहिनीसाहेबांना, त्या डॉक्टरला, मुकादमाला मी माफ केलेलं नाही. त्या फरशीवर बसलेल्या पोरीलाही नाही. मायचं जे गेलं ते परत बसत नाही. म्हणून माझ्यासमोरची बाई, काय जाणार आणि काय उरणार, हे आपल्या शब्दांत मला सांगेपर्यंत मी कुणाला तिच्या अंगठ्याला शाई लावू देणार नाही. कारखाना असो, दवाखाना असो, नाहीतर तिचा स्वतःचा नवरा असो.